बालरुग्णांचा आधारवड : डॉ. सिडनी फार्बर

घरातील वडीलधारे माणूस आजारी पडले, तर घर चिंतेत पडते. परंतु लहान मूल गंभीर आजारी पडले, तर साऱ्या घराचा श्वासच जणू थांबतो. त्यातही आजाराचे नाव कर्करोग असेल, तर आईवडिलांच्या मनाची अवस्था शब्दांत सांगणे अवघड आहे. तरीही आज अशा पालकांना डॉक्टर धीर देऊ शकतात, उपचारांची दिशा दाखवू शकतात, आणि बऱ्याच वेळा मूल पूर्ण बरे होऊन शाळेत जाऊ लागते. इ.स. १९४७ पूर्वी ही परिस्थिती नव्हती. मुलाला रक्ताचा कर्करोग झाला आहे असे निदान झाले, की काही आठवडे किंवा काही महिने एवढेच त्याचे आयुष्य उरे, आणि जगातील मोठ्यात मोठा डॉक्टरही त्यावर काही करू शकत नसे. या निराशेच्या भिंतीला पहिले भगदाड पाडणारे वैद्य म्हणजे अमेरिकेतील बोस्टन शहराचे डॉ. सिडनी फार्बर. त्यांच्या या कार्याची पाळेमुळे आपल्या मुंबईपर्यंत आणि एका थोर भारतीय शास्त्रज्ञापर्यंत पोहोचलेली आहेत, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

बालपण आणि शिक्षण

सिडनी फार्बर यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०३ रोजी अमेरिकेतील बफेलो या शहरात झाला. पोलंडमधून येऊन स्थायिक झालेल्या ज्यू कुटुंबातील चौदा भावंडांपैकी ते तिसरे. वडील विमा व्यवसायात होते. घरात सुबत्ता नव्हती. पण विद्येची ओढ मोठी होती. वडील निरनिराळ्या विषयांची पुस्तके घरी आणून जेवणाच्या मेजावर ठेवीत, आणि प्रत्येक मुलाने एक पुस्तक निवडून, त्याचा अभ्यास करून, त्याचा सविस्तर वृत्तांत सर्वांसमोर सांगावा असा दंडक होता, असे सांगितले जाते. शिस्तीचे आणि काटेकोरपणाचे हे संस्कार पुढे आयुष्यभर त्यांच्यासोबत राहिले.

बफेलो विद्यापीठातून ते इ.स. १९२३ मध्ये पदवीधर झाले. त्या काळी अमेरिकेतील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत ज्यू विद्यार्थ्यांना मोजक्याच जागा मिळत. त्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचे पहिले वर्ष त्यांनी जर्मनीतील हायडेलबर्ग आणि फ्रायबुर्ग येथे केले. तेथील उत्तम यशाच्या बळावर त्यांना हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि इ.स. १९२७ मध्ये ते डॉक्टर झाले. पुढच्याच वर्षी नॉर्मा होल्झमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नॉर्मा फार्बर यांनी पुढे कवयित्री आणि बालसाहित्यिक म्हणून नाव मिळविले.

तळघरातील अभ्यास

फार्बर यांनी निवडलेला विषय होता विकृतिशास्त्र. रोगाने शरीरात नेमके काय बिघडविले, हे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून आणि मृत्यूनंतर शवविच्छेदन करून शोधणारे हे शास्त्र आहे. इ.स. १९२९ मध्ये ते बोस्टनच्या बालरुग्णालयाचे पहिले पूर्णवेळ विकृतिशास्त्रज्ञ झाले. त्यांची प्रयोगशाळा तळघरात होती. वरच्या मजल्यांवर मुले आजाराशी झुंजत. ज्यांची झुंज संपे, त्यांची तपासणी खाली फार्बर करीत.

मुलांच्या गाठी मोठ्या माणसांच्या गाठींहून वेगळ्या असतात. पुष्कळदा त्या मूत्रपिंड, मज्जासंस्था किंवा डोळा यांच्या अपरिपक्व, गर्भावस्थेतील पेशींसारख्या पेशींपासून उत्पन्न होतात आणि झपाट्याने वाढतात. त्यांतील बऱ्याच गाठींच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली लहान, गोल आणि एकसारख्या दिसतात. कोणती गाठ कोठली, हे ओळखण्यासाठी अतिशय सरावलेली नजर लागते. आणि निदान चुकले तर उपचारही चुकतात. फार्बर यांनी ही नजर जवळजवळ वीस वर्षांच्या परिश्रमाने कमावली. मुलांच्या विकृतिशास्त्राला स्वतंत्र शास्त्राचे स्थान मिळवून देणाऱ्यांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

परंतु या ज्ञानाचा उपयोग काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. मृत्यूचे कारण अचूक सांगणे ही विद्या खरी. पण जे मूल अजून जिवंत आहे, त्याच्यासाठी या विद्येजवळ काही नव्हते. वयाच्या चाळिशीनंतर, प्रतिष्ठा आणि पद मिळालेले असताना, फार्बर यांनी तळघरातून वरच्या मजल्यावर जाण्याचा, म्हणजे मृतांकडून जिवंतांकडे वळण्याचा निर्णय घेतला.

रक्ताच्या कर्करोगाची निवड

पहिले लक्ष्य म्हणून त्यांनी मुलांमधील तीव्र स्वरूपाचा रक्ताचा कर्करोग निवडला. या रोगात अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीत जेथे रक्त तयार होते तेथे, अपक्व श्वेतपेशींची बेसुमार वाढ होते. त्यामुळे निरोगी रक्तपेशींना जागाच उरत नाही. मूल पांढरे पडते, त्याला वारंवार ताप येतो, अंगावर काळेनिळे डाग उठतात, हाडे दुखतात.

या निवडीमागे व्यवहारी विचार होता. त्या काळी शरीराच्या आतील गाठ औषधाने लहान झाली की मोठी, हे दाखविणारी आजच्यासारखी स्कॅनची यंत्रे नव्हती. रक्ताचे मात्र तसे नव्हते. बोटातून रक्ताचा थेंब घ्यावा, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजाव्यात, आणि औषध लागू पडते की नाही याचा हिशेब रोजच्या रोज मांडावा. जे मोजता येते त्यावरच उपचारांचा कस लागतो, हे फार्बर जाणून होते.

मुंबईचा धागा

येथे या कथेत आपली मुंबई येते. इ.स. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब कुटुंबांतील गरोदर स्त्रियांना एक विशिष्ट प्रकारचा जीवघेणा पंडुरोग होत असे. त्याचे कारण शोधण्याचे काम त्यांच्याकडे होते. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी संशोधन केले. या स्त्रियांच्या आहारात काही तरी कमी आहे आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने ती उणीव भरून निघते, हे त्यांनी सिद्ध केले, इ.स. १९३१ मध्ये ते प्रसिद्धही झाले. तो अज्ञात घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक ॲसिड. आज प्रत्येक गरोदर स्त्रीला ज्याच्या गोळ्या दिल्या जातात, तेच हे जीवनसत्त्व.

हे जीवनसत्त्व प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार करण्याचे काम अमेरिकेतील लेडर्ले या औषध कंपनीत झाले. तेथील संशोधनाचे प्रमुख होते डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. इ.स. १८९५ मध्ये आजच्या आंध्र प्रदेशातील भीमवरम येथे जन्मलेले सुब्बाराव इ.स. १९२३ मध्ये शिक्षणासाठी बोस्टनला गेले आणि हार्वर्डमध्ये अनेक वर्षे संशोधन करून इ.स. १९४० मध्ये लेडर्लेत दाखल झाले.

फॉलिक ॲसिडने बिघडलेली रक्तनिर्मिती सुधारते, तर रक्ताच्या कर्करोगातही ते उपयोगी पडेल, असा फार्बर यांचा प्रथम कयास होता. तो सपशेल चुकला. फॉलिक ॲसिडच्या संयुगांनी काही मुलांचा रोग उलट अधिक वेगाने वाढल्याचे त्यांच्या ध्यानात आले. हा आघात मोठा होता. रुग्णालयातील अनेक सहकारी आधीच नाराज होते. जी मुले वाचणारच नाहीत, त्यांना सुया टोचून आणखी का छळावे, त्यांना शांतपणे जाऊ द्यावे, असे त्यांचे मत होते. त्यांचे म्हणणे निष्ठुरपणाचे नव्हते. तेही करुणेपोटीच होते. त्यामुळेच फार्बर यांची कसोटी अधिक कठीण होती.

फार्बर यांनी अपयश लपविले नाही. त्याचा अर्थ लावला. फॉलिक ॲसिडने कर्कपेशींना बळ मिळत असेल, तर त्या पेशी फॉलिक ॲसिडच्या भुकेल्या आहेत, हे उघड होते. पेशीला दुभंगून वाढायचे तर नवे जनुकद्रव्य तयार करावे लागते आणि त्यासाठी फॉलिक ॲसिड लागते. मग फॉलिक ॲसिडसारखाच दिसणारा, पण काम न करणारा पदार्थ दिला तर? कुलपात चुकीची किल्ली अडकून बसावी, तसा तो पेशीच्या यंत्रणेत अडकेल आणि वाढ थांबेल. असे प्रतिरोधक पदार्थ सुब्बाराव यांच्या चमूने तयार केले होते. त्यांतील ॲमिनोप्टेरिन हे सर्वांत प्रभावी ठरले.

तात्पुरती सुधारणा

इ.स. १९४७ च्या डिसेंबर महिन्याच्या अखेरीस बोस्टनमधील एका दोन वर्षांच्या मुलाला हे औषध देण्यात आले. त्याच्या रक्तातील श्वेतपेशी दिवसेंदिवस वाढत होत्या. त्या प्रथम वाढायच्या थांबल्या आणि मग झपाट्याने उतरल्या. काही आठवड्यांत ते मूल, जवळजवळ दोन महिन्यांनंतर, स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात आले. त्याला एक निरोगी जुळा भाऊ होता. त्या दोघांत पुन्हा साम्य दिसू लागले.

मात्र हा आनंद फार काळ टिकला नाही. काही महिन्यांनी रोग उलटला आणि इ.स. १९४८ मध्येच ते मूल दगावले. इतर मुलांच्या बाबतीतही हेच घडले. औषधाचे दुष्परिणामही होते. तोंडात व्रण पडत, आतड्यांना इजा होई.

३ जून १९४८ रोजी फार्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध अमेरिकेतील अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. औषध दिलेल्या सोळा मुलांपैकी दहांमध्ये सुधारणा दिसली होती. जगात प्रथमच या रोगाने औषधापुढे माघार घेतली होती. एखाद्याने या यशाचे ढोल वाजविले असते. फार्बर यांनी मात्र निबंधाच्या शीर्षकातच ही सुधारणा तात्पुरती असल्याचे नमूद केले. जमा आणि खर्च या दोन्ही बाजू त्यांनी सारख्याच प्रामाणिकपणे मांडल्या. तरीही आरंभी अनेक तज्ज्ञांनी या निष्कर्षांवर विश्वास ठेवला नाही. पुढे इतर रुग्णालयांतही तोच अनुभव आला, तेव्हा शंका मावळल्या. याच गटातील मेथोट्रेक्सेट हे औषध नंतर ॲमिनोप्टेरिनच्या जागी आले आणि आजही ते जगभर वापरात आहे. दुर्दैवाने डॉ. सुब्बाराव हे सारे पाहण्यास राहिले नाहीत. निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले.

लोकवर्गणीतून उभे राहिलेले कार्य

एकट्या डॉक्टरने तळघरात बसून हे काम पुढे जाणार नाही, त्यासाठी इमारत, माणसे आणि अखंड पैसा लागेल, हे फार्बर यांनी ओळखले. इ.स. १९४७ मध्ये त्यांनी मुलांच्या कर्करोग संशोधनासाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले होते. न्यू इंग्लंड भागातील नाट्य आणि चित्रपट व्यावसायिकांच्या व्हरायटी क्लब या संस्थेने त्यांना साथ दिली.

२२ मे १९४८ च्या रात्री देशभर ऐकल्या जाणाऱ्या एका रेडिओ कार्यक्रमात फार्बर यांच्या एका बारा वर्षांच्या रुग्णाला सहभागी करण्यात आले. त्याची ओळख उघड होऊ नये म्हणून त्याला जिमी असे नाव दिले गेले. बोस्टन ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघाचा तो चाहता होता. त्याच्या खाटेशेजारी संघाचे खेळाडू येऊन उभे राहिले. खेळ पाहण्यासाठी त्याला दूरचित्रवाणी संच मिळावा म्हणून श्रोत्यांना वीस हजार डॉलरचे आवाहन करण्यात आले होते. प्रत्यक्षात दोन लाखांहून अधिक डॉलर जमले. त्यांतील मोठा भाग सामान्य माणसांनी पाठविलेल्या लहान लहान रकमांचा होता. पुढे चित्रपटगृहांत आणि मैदानांवर दानाचे डबे फिरू लागले. शाळकरी मुलेही खाऊचे पैसे टाकू लागली. अशा पैशावर पैसा साठून जिमी फंड उभा राहिला आणि इ.स. १९५२ मध्ये फार्बर यांच्या कार्यासाठी स्वतंत्र इमारत खुली झाली.

तो जिमी पुढे कोठे गेला, हे अनेक वर्षे लोकांना ठाऊक नव्हते. तो वाचला नसावा, असेच बहुतेकांनी गृहीत धरले होते. इ.स. १९९८ मध्ये, फंडाच्या पन्नासाव्या वर्षी, तो लोकांसमोर आला. त्याचे खरे नाव आयनार गुस्टाफसन. तो मेन राज्यातील शेतकरी कुटुंबातला होता. बरा होऊन त्याने संसार केला होता आणि ट्रक चालविण्याचा व्यवसाय केला होता. इ.स. २००१ मध्ये त्याचे निधन झाले.

संपूर्ण शुश्रूषेचा आदर्श

फार्बर यांची दृष्टी केवळ औषधापुरती मर्यादित नव्हती. आजार एका मुलाला होतो, पण त्यात सारे कुटुंब होरपळते, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून डॉक्टर, परिचारिका, शल्यचिकित्सक, क्ष-किरणतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि समाजसेवक या सर्वांनी एकाच छताखाली एका मुलाचा विचार करावा, आईवडिलांच्या मनाची आणि संसाराच्या ओढाताणीचीही दखल घ्यावी, आणि पालकांच्या ऐपतीवर उपचार अडू नयेत, अशी पद्धत त्यांनी रुजविली. त्यांच्या दवाखान्याच्या भिंती मुलांना आवडणाऱ्या चित्रांनी सजविलेल्या होत्या.

इ.स. १९५५ च्या सुमारास त्यांनी मूत्रपिंडाच्या विल्म्स ट्यूमर या गाठीवर ॲक्टिनोमायसिन डी हे औषध वापरले. मातीतील सूक्ष्मजीवांपासून मिळालेल्या या औषधाने फुफ्फुसांत पसरलेला रोगही मागे हटल्याचे दिसून आले. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषध या तिन्हींचा एकत्र उपयोग केल्याने या गाठीतून बरे होणाऱ्या मुलांची संख्या पुष्कळ वाढली. घट्ट गाठीच्या कर्करोगावरही औषध चालते, हा विश्वास यातून निर्माण झाला.

फार्बर स्वभावाने मितभाषी, शिष्टाचाराचे काटेकोर आणि काहीसे दूरस्थ वाटत. त्यांचा पोशाख नेहमी नीटनेटका असे. आपले मत ते सहजासहजी सोडत नसत. अनेक औषधे एकाच वेळी देण्याचे धाडस त्यांच्यापेक्षा पुढच्या पिढीतील डॉक्टरांनी केले. इ.स. १९६० नंतरच्या दशकात मेम्फिस येथे डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी अशा एकत्रित उपचारांनी रक्ताच्या कर्करोगाची सुमारे निम्मी मुले कायमची बरी करून दाखविली. फार्बर यांनी घातलेल्या पायावर इतरांनी कळस चढविला, असेच म्हणावे लागेल.

समाजसेविका मेरी लास्कर यांच्या साथीने फार्बर यांनी कर्करोग संशोधनाला सरकारी निधी मिळावा म्हणून वर्षानुवर्षे अमेरिकन संसदेच्या समित्यांपुढे बाजू मांडली. त्याचे फळ म्हणून २३ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी राष्ट्रीय कर्करोग कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यानंतर सव्वा वर्षाने, ३० मार्च १९७३ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, आपल्या कार्यालयात काम करीत असतानाच हृदयक्रिया बंद पडून डॉ. फार्बर यांचे निधन झाले. त्यांनी उभारलेली संस्था आज डॅना-फार्बर कर्करोग संस्था या नावाने जगप्रसिद्ध आहे.

आपल्यासाठी बोध

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुलांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. परंतु अनेक गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. औषधे तीच असूनही एवढे अंतर का पडते? निदान उशिरा होते आणि पैसे संपले, मुक्कामाची सोय नाही किंवा थोडे बरे वाटले म्हणून उपचार अर्धवट सोडले जातात, ही त्याची प्रमुख कारणे आहेत.

यासाठी प्रत्येक घराने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दीर्घकाळ न उतरणारा ताप, वाढता फिकटपणा, मार न लागता उठणारे काळेनिळे डाग, रात्री झोपू न देणारे हाडांचे दुखणे, पोटात हाताला लागणारी गाठ, सकाळी होणाऱ्या उलट्यांसह डोकेदुखी, डोळ्याच्या बाहुलीत दिसणारी पांढरी चमक, यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपायांत दिवस न घालविता तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवावे. बहुतेक वेळा कारण साधेच निघते. पण शंका फिटणे महत्त्वाचे. आणि उपचार सुरू झाल्यावर ते पूर्ण करावेत.

आज परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यांतून आईवडील आपल्या मुलांना घेऊन येतात. ल्युसी विल्स यांनी गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्ताचा अभ्यास केला, तो याच परळमध्ये. तेथे सुरू झालेला धागा भीमवरमच्या सुपुत्राच्या हातून बोस्टनच्या तळघरात गेला आणि औषध होऊन पुन्हा परळच्या बालरुग्णांपर्यंत परत आला. अशा मुलांच्या कुटुंबाची महिनाभराची राहण्याची सोय करणे, एका उपचारफेरीचा खर्च उचलणे किंवा रक्तदान करणे, हेही त्या धाग्याला लावलेले टाकेच आहेत.

डॉ. फार्बर यांनी पहिल्या सोळा मुलांपैकी कोणालाही कायमचे वाचविले, असे म्हणता येत नाही. त्यांनी त्या मुलांना काही महिने मिळवून दिले, आणि ते तात्पुरते आहेत हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवले. परंतु त्या महिन्यांत एक मूल पुन्हा चालू लागले, आणि त्याच्यामागून येणाऱ्या हजारो मुलांसाठी वाट मोकळी झाली. आपल्या हातून होणारे लहानसे सत्कार्य अपुरे आहे असे वाटून मन खचू लागेल, तेव्हा या थोर वैद्याचे स्मरण अवश्य करावे.